केन्याला डबल डोस

"सर, तुमच्या कवितेतलं ते रानफूल म्हणजे नेमकं कोणतं फूल?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, काजल आणि पिंकीचा. आमच्या शाळेत एक पाहुणे कवी आले होते. अख्खी नववी-दहावी हॉलमध्ये सतरंजीवर कोंबलेली, पंखे नुसते आवाज करत होते आणि कवींची रानफुलावरची कविता संपता संपत नव्हती. पहिल्या कडव्यात ते फूल लाजलं, मग डोललं, शेवटी तर रडायलाच लागलं. काजल माझ्या कानात म्हणाली, "विचार ना बे, कोणतं फूल होय ते. हिंमत असन तर." त्यावर पिंकी म्हणते कशी, "हे काय विचारते! हे फक्त घरी बोलते."

बस. तेवढं पुरलं. हात वर गेला आणि हाताच्या मागे मी पण उभी राहिले.

कवी हसले. लहान पोराच्या डोक्यावर हात फिरवताना मोठी माणसं हसतात, तसं. "बेटा, रानफूल म्हणजे रानफूल. कवीला नाव लागत नाही. नावंगावं शोधणं वनस्पतिशास्त्रवाल्यांचं काम. ते फूल कापतात, आपण फूल बघतो."

हॉल हसला. सगळ्यात आधी आमचे मुख्याध्यापक सर हसले.

माझी कानशिलं तापली. मी बसायला हवं होतं. नाही बसले. "पण सर, बघितलं असेल तर पाकळ्या किती होत्या ते तरी सांगा ना."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली आणि सर ओरडले, "श्रावस्ती, खाली बस!" मी बसले. पण खरं सांगते, मजा आली. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. काजलने माझा हात इतका दाबला की बांगडी वाकडी झाली.

त्या दिवसापासून मी कविता लिहायला लागले. रागानेच. तुम्हाला नाव लागत नाही काय? थांबा.

मला नावं कुठून माहीत, ते पण सांगते. नागपुरात उमरेड रोडवर आमचं दुकान आहे. बियाणं, खतं, औषधं. औषधं म्हणजे फवारायची. दुकानाच्या पाटीवर माझंच नाव आहे, हिरव्या मोठ्या अक्षरांत, आणि पुढे 'कृषी केंद्र'. लहानपणी शाळा सुटली की मी काउंटरच्या मागे खताच्या पोत्यावर बसायची आणि वाचायला काय, तर तणनाशकाच्या डब्यातले कागद. घड्या उलगडल्या की चादरीएवढे व्हायचे ते. त्यावर रंगीत फोटो असायचे: केना, तरोटा, कुरडू, दुधी, एकदांडी. एकेका फुलाचा असा जवळून काढलेला फोटो की केसर मोजून घ्यावेत. या फुलांचे इतके छान फोटो मी दुसरीकडे कुठेच पाहिले नाहीत. पुस्तकात जास्वंद, ग्रीटिंगवर गुलाब. माझी फुलं फक्त मारायच्या कागदावर छापलेली.

रस्त्यातून एखादं पान तोडून नेलं की बाबा गिऱ्हाईक सोडून बघायचे. "हा कुरडू. लवकर मरते. हा केना. लय हट्टी हाय बेटा, अर्धा तोडला तर दोन होते." मी नावं पाठ करत गेले. बाबा ती कशी मरतात ते सांगत होते, हे मला तेव्हा कुठे कळत होतं!

आमच्या शाळेच्या मागे, भिंत आणि सायकल स्टँडच्या मध्ये एक पट्टा होता. पाण्याची टाकी गळायची, ते पाणी तिथे जायचं, म्हणून पावसाळ्यात तिथे नुसतं माजायचं. तरोटा कमरेएवढा. त्याच्या सावलीत केना. भिंतीला टेकून कुरडूचे गुलाबी तुरे. कडेला विंचवाचं झाड, ज्याच्या बीला खरोखर विंचवासारखे दोन आकडे असतात आणि ते पिंकीच्या ओढणीला अडकले की ती पूर्ण शाळेत किंचाळत फिरायची. मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन उकिडवी बसायची. डबा खाऊन हात न धुता.

लिहायचं कसं, ते मला सायन्सच्या पुस्तकाने शिकवलं. फुलाचं वर्णन कसं असतं बघा: निदलपुंज अमुक, दलपुंज तमुक, पुमंग, जायांग. एक पण शब्द उगाच नाही. फूल लाजतं-बिजतं काही नाही. जे आहे ते. मला ते वाचताना अंगावर काटा यायचा. पिंकीला पहिली कविता दाखवली तर ती म्हणाली, "हे कविता होय का प्रॅक्टिकल?" मी म्हटलं, "दोन्ही होय. काय म्हणणं आहे?"

ही ती कविता:

*केना*

*पाकळ्या तीन.*
*दोन निळ्या. तिसरी इतकी फिकट*
*की मोजणारे दोनवरच थांबतात.*
*उमलणे: सकाळच्या प्रार्थनेला.*
*मिटणे: मधल्या सुट्टीच्या आत.*
*देठ लोळतो, पेरापेराशी मूळ धरतो,*
*उपटणाऱ्याच्या हातात अर्धाच येतो.*
*मातीखाली आणखी फुले, कधीच न उमलणारी.*
*त्यांना ऊन नको, माशी नको,*
*कोणी छान म्हणायला नको.*
*बी मात्र धरतात.*

खाली खरंच फुलं असतात. मी उकरून पाहिली आहेत. पांढुरकी, मिटलेली, तांदळाच्या दाण्यासारखी.

शाळेत प्रार्थनेनंतर मी ती माईकवर वाचली. टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. फलकावर लागली. आणि मग बाबांना कुणीतरी फोटो पाठवला. संपलं! त्यांनी तो दुकानाच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, सोयाबीन बियाण्याच्या कंपनीवाल्याला पाठवला. दुकानात कुणी युरिया घ्यायला आला की आधी कविता. "माह्या पोरीनं लिहिली. ऐका गा भाऊ, दोन मिनिटं लागते." मला लाज वाटायची आणि मी फुगत पण होते. दोन्ही एकदम.

मग घरात काहीतरी शिजायला लागलं. मी खोलीत आले की आई-बाबा चूप. मुख्याध्यापक सरांचा बाबांना फोन. "हो सर, होऊन जाईन सर, तिले नका सांगू सर." मला वाटलं, वाढदिवस जवळ आहे, नवी सायकल घेऊन राहिले असतील. त्यातच सुट्ट्या लागून आल्या आणि आई मला घेऊन उमरेडला मावशीकडे गेली. बाबा म्हणाले, "मले काम आहे. तुम्ही जा."

आठ दिवसांनी परत आल्यावर शाळेत गेले. सायकल लावली. आणि आधी वास आला.

तो वास मी झोपेत पण ओळखते. आमच्या दुकानाचा वास आहे तो. बाबांच्या शर्टाचा. लहानपणी तो आला की मी धावत दारात जायची.

मी वळून बघितलं. पट्टा पिवळा पडला होता. तरोटा वाळून वाकलेला, पानं गुंडाळलेली. कुरडूचे तुरे मातकट झालेले. विंचवाचं झाड काळं. केना तर दिसतच नव्हता, जमिनीला चिकटून चिखल झालेला. आणि त्याच्या पलीकडे, अर्ध्या भागात, सगळं ओरबाडून लाल माती टाकलेली, तिच्यात ओळीने गुलाबाच्या कुंड्या, आणि मधून चालायला प्लास्टिकचं गवत. हिरवंगार. भिंतीवर भलामोठा फ्लेक्स. त्यावर माझा फोटो, आधार कार्डवाला, गाल फुगलेले. वर लिहिलेलं, 'श्रावस्ती काव्य-उद्यान'. खाली 'सौजन्य', आणि परत माझंच नाव, पुढे 'कृषी केंद्र'. उद्घाटन गुरुवारी. हस्ते कोण? तेच. रानफूलवाले कवी.

काजल धावत आली. "सरप्राइज! आम्हाले माहीत होतं, पण काकाजींनं शपथ घातली होती." पिंकी म्हणाली, "काय नशीब हाय बे तुहं! माह्या बापानं माह्या नावानं कधी पाण्याची बाटली नाही घेतली, तुह्या नावाचा बगिचा हाय."

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. वाईट शब्द होता. पिंकीचं तोंड इतकंसं झालं.

शाळा सुटल्यावर घरी गेलेच नाही. सरळ दुकानात. सक्करदऱ्यातल्या शाळेपासून तिथपर्यंत सायकल कशी मारली मलाच माहीत. बाबा एका माणसाला पंपाचं नोझल बदलून देत होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की माझा राग अजूनच वाढला.

"पाहिलं? पाहिलं का वं? कसं वाटलं?"

"तुम्ही केलं ते?"

"मंग कोण? स्वतः पंप घेतला पाठीवर. गड्याले सांगतलं नाही. म्हटलं पोरीचं काम आहे, आपल्या हातानं करू. दोन दिवस खांदा दुखून राहिला होता." ते हसत होते. "तुले फुलं आवडतात, म्हणून फुलं लावली. मस्त कलमी गुलाब आहेत."

"तिथे फुलं होती बाबा."

"कुठं? तण होतं ते."

"मी त्या तणावरच कविता लिहिली आहे! तुम्ही वाचली तरी का?"

बाबांचं हसू गेलं. त्यांना खरंच लागलं. "वाचली का म्हणते! पाठ आहे मले." आणि त्यांनी म्हणून दाखवली. नोझलवाला माणूस तिथेच उभा. पाकळ्या तीन, दोन निळ्या, तिसरी इतकी फिकट... एकही शब्द न चुकता, जिथे मी थांबते तिथेच थांबत. बी मात्र धरतात, इथपर्यंत.

"आता सांग," ते म्हणाले. "वाचली का नाही वाचली? वाचली म्हणून तर काम नीट झालं. तूच लिहिलं ना, उपटला तर अर्धाच हातात येते? म्हणून उपटला नाही, औषध मारलं. तूच लिहिलं ना, मातीखाली अजून फुलं राहतात? हे मले पण इतक्या वर्षांत पक्कं माहीत नव्हतं. म्हणून केन्याले डबल डोस दिला. वरून एकदा, मंग चार दिवसांनी जमीन भिजवून."

नोझलवाला म्हणाला, "पोरगी हुशार हाय हो भाऊ तुमची."

मी दुकानाबाहेर येऊन सायकलला लाथ मारली. बुटाचा पुढचा भाग उघडला. लोक बघत होते. बघू द्या.

तुम्ही म्हणाल, बापाने प्रेमानेच केलं ना. अहो, तेच तर! दुश्मनाने केलं असतं तर मी त्याच्या तोंडावर बोलून मोकळी झाले असते. हा राग मी ठेवू कुठे? मी एका रोपाकडे इतकं नीट बघितलं, त्याचं एक एक अंग लिहिलं, आणि तेच वाचून त्याला मुळापर्यंत मारलं गेलं. माझ्या नावाने. माझ्या फोटोखाली. आणि ज्याने मारलं त्याला ती कविता तोंडपाठ आहे.

आई रात्री माझ्याजवळ बसली. "तू बोलली नाही तर त्याईनं जेवण नाही केलं."

"मी काय करू?"

"काही करू नको. गुरुवारी नवा ड्रेस घाल, कविता वाच, खाली उतर. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुह्या बापानं साऱ्या रोडच्या लोकायले बोलावून ठेवलं आहे, श्रावस्ती. डीलर लोक येऊन राहिले. त्याईच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या फ्लेक्सवर त्याईचं काही आहे."

"माझं आहे. त्यांचं नाही."

"एकच होय ते," आई म्हणाली आणि दिवा मालवून गेली. एकच होय ते! मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

तरी पण, खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी वाचायचंच ठरवलं होतं. आईचं ऐकून. बाबांनी त्या दिवशी डबा नेला नव्हता, ते पाहून. म्हटलं, केना गेला तर गेला, त्याची कविता तरी त्या माईकवरून सगळ्यांच्या कानात जाईल. कवींच्या पण. पाकळ्या तीन, ऐका.

पण मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक सरांनी ऑफिसमध्ये बोलावलं. बाबा आधीच तिथे बसलेले, हातात चहाचा कप, नवीन शर्ट. सरांच्या पुढ्यात माझ्या कवितेची छापील प्रत आणि त्यावर लाल पेनाच्या खुणा.

"बस, कवयित्री," सर म्हणाले. "थोडं जमवून घेऊ. आता उद्यानात केना नाही, गुलाब आहे. पाहुणे विचारतील, केना कुठे आहे? म्हणून शीर्षक 'गुलाब' करू. 'पाकळ्या तीन' ऐवजी 'पाकळ्या अनेक'. 'निळ्या' ऐवजी 'लाल'. 'उपटणाऱ्याच्या' ही ओळ काढून टाक, कार्यक्रमात बरं नाही दिसत."

"सर, गुलाब मधल्या सुट्टीत मिटत नाही."

"कवितेत मिटतो."

"गुलाबाला मातीखाली फुलं नसतात."

"अगं, कोण खोदून बघणार आहे?" सर हसले आणि बाबांकडे बघितलं. "काय हो, बरोबर ना?"

मी बाबांकडे बघितलं. अख्ख्या नागपुरात एकच माणूस होता ज्याला माहीत होतं की त्या कवितेतली प्रत्येक ओळ खरी आहे. त्याने ती मातीखालच्या फुलांची ओळ वाचून जमीन भिजवली होती. बोला ना बाबा, मी मनात म्हणत होते. इतकं एक बोला. गुलाब असा नसतो सर, एवढंच म्हणा.

बाबांनी कप बशीत ठेवला. "सर म्हणून राहिले तर कर ना बेटा. काय फरक पडते? फूलच तर आहे."

मी कागद घेतला, "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. काजल बाहेर उभी होती. तिने माझा चेहरा बघितला आणि हातातला कागद घेऊन वाचायला लागली. पिंकी मात्र म्हणाली, "मंग? काय झालं?" मी म्हटलं, "गुलाब झाला." शेवटच्या दोन तासांना गणित होतं. मी गणिताच्या वहीच्या पाठीमागे लिहीत बसले. लिहिताना पेन कागदातून आरपार जात होतं. इतकी भराभर कविता मी आजवर कधी लिहिली नव्हती, आणि तिच्यात खोडाखोड एक पण नाही.

संध्याकाळी बाबा दुकानातून आले. हातपाय धुतले. आईने ताटं वाढली, वांग्याची भाजी आणि भाकर. बाबा खुशीत होते, त्यांना वाटलं सगळं मिटलं. "गुरुवारी पहिल्या रांगेत आपल्या घरच्यायच्या खुर्च्या सांगतल्या मी," ते आईला सांगत होते. "व्हिडिओवाला पण ठरवला."

मी हात धुऊन ताटाशी बसले नाही. उभीच राहिले, भिंतीला पाठ न टेकता.

"बाबा, आई, मला एक सांगायचं आहे. आधी ऐका, मग बोला."

आई म्हणाली, "जेवताना नको वं."

"आत्ताच. मी गुरुवारी स्टेजवर जाणार आहे. 'गुलाब' वाचणार नाही. 'केना' पण वाचणार नाही, तुमच्या फ्लेक्ससमोर मी त्याला उभा करत नाही. मी नवीन लिहिली आहे, ती वाचणार. त्या पट्ट्यात काय काय होतं, ते आहे तिच्यात, प्रत्येकाच्या पाकळ्यांसकट. पान कधी पिवळं पडलं, देठ कुठून वाकला, ते आहे. औषध कोणतं, किती वेळा मारलं, ते आहे. कुणी मारलं, ते पण आहे. 'माझ्या बाबांनी, माझ्यासाठी,' असं लिहिलंय. एक अक्षर खोटं नाही, बाबा, तुम्ही तपासून बघा."

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. "साऱ्या लोकायसमोर?"

"साऱ्यांसमोर. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात तर मला आवडेल. नाही बसलात तर मी समजून घेईन, पण वाचणारच. आणि तो फ्लेक्स गुरुवारच्या आधी उतरला पाहिजे. बगिच्याला गुलाबाचं नाव द्या, सरांचं द्या, कवींचं द्या. माझं नाही. उद्या सकाळी प्रार्थनेच्या आधी मी शाळेत जाऊन सरांना हेच सांगणार आहे, आणि त्यांनी माईक बंद केला तर मी बिनामाईकची वाचीन."